उघड्यावर झोपायची हौस

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की आमच्या घोळक्यात कॅम्पिंगचं वारं सुटतं. घोळका म्हणजे सख्खे-चुलत-मावस मिळून अकरा आणि सहवासाने नातेवाईक झालेले मित्र पाच, एकूण सोळा. सगळ्यात धाकटी भाची सहा वर्षांची, सगळ्यात मोठी मावशी एकाहत्तर. यंदा जुन्नर-आंबेगाव भागात जायचं यावर एकमत आहे (हेच मुळात आश्चर्य), पण तिथे नेमकं झोपायचं कुठे यावर तीन आठवडे खल चाललाय. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना इथूनच परत फिरता येईल. थंडीतल्या कॅम्पची जागा सूर्यास्त बघून ठरवू नये, संडास बघून ठरवावी. आणि उसाच्या पट्ट्यात तंबू ठोकूच नये, मग धरणाच्या पाण्यात सूर्य कितीही देखणा बुडत असो.

हसू नका, सांगतो.

आमच्यातल्या तरुण मंडळींनी एक जाहिरात शोधून काढली होती. पाण्याकाठी ओळीने रंगीत तंबू, वर दिव्यांच्या माळा, माणशी अमुक रुपये, त्यात रात्री चिकन भाजणे आणि गिटारवाला. जागा छानच दिसत होती. फोटोत मागे एक हिरवी भिंत होती. भाचा म्हणाला, "मामा, बघ ना, किती झाडी आहे!" ती झाडी नव्हती, ऊस होता.

जुन्नर तालुका नकाशावर एकच दिसला तरी तिथे दोन मुलूख आहेत. पश्चिमेला सह्याद्रीची धार. नाणेघाट, जीवधन, चावंड, हडसर, तिकडे ढाकोबा आणि दुर्ग, आणि आंबेगावात शिरलात की आहुपे, भीमाशंकर. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिल-मे मध्ये हंड्यांची रांग. वस्ती बरीचशी महादेव कोळी समाजाची, भात-नाचणीची शेती आणि हिरड्याचे चार पैसे. पूर्वेला नारायणगाव, ओतूर, मंचरकडचा सपाट बागायती पट्टा. द्राक्षं, टोमॅटो, कांदा आणि मैलोन्‌मैल ऊस. या दोन मुलुखांना जोडतं ते कुकडी प्रकल्पाचं पाणी. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचं डिंभे, अशी पाच धरणं. पश्चिमेच्या डोंगरात पाणी अडलं, जमिनी तिथल्या बुडाल्या आणि पाणी कालव्याने खाली गेलं. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव पडलं ते मूळ आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचं कामकाज घोडेगावहून चालतं. तेव्हा 'लेक व्ह्यू' म्हणून जे काही दाखवतात त्या व्ह्यूच्या खाली कुणाचं तरी अंगण असू शकतं. मी हे ग्रुपवर लिहिलं तर वहिनीने उत्तर दिलं, "भावोजी, सहलीचा मूड घालवू नका." असो.

पाणी आलं म्हणून ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. बिबट्याला उसाचा गोडवा नको असतो, त्याला आडोसा लागतो. वर्षातले बरेच महिने उभं असलेलं दाट पीक, जवळ पाणी, वस्तीवर शेळ्या, कोंबड्या आणि मुख्य म्हणजे कुत्री. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून ते काय खातात याचा अभ्यास केला, त्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. या उसात बिबट्याच्या माद्या पिल्लं घालतात. गाळपाचा हंगाम सुरू झाला, म्हणजे आपण ज्याला 'कॅम्पिंगचा सीझन' म्हणतो नेमका तोच, की कोयते चालतात, फड रिकामे होतात आणि लपणारं जनावर एका शेतातून दुसऱ्या शेतात हलतं. तोडणी चालू असताना पिल्लं सापडल्याच्या बातम्या दर वर्षी येतात.

आता ती जाहिरात पुन्हा बघा. पाण्याकाठी चिकन भाजायचं, हाडं तिथेच टाकायची. हाडांना कुत्री येणार. कुत्र्यांच्या मागे कोण येणार हे त्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल.

मी ओतूरला आत्याकडे फोन केला. आत्तेभावाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, तू कुठंबी झोप, पण पोरांना घेऊन उसाकडंला नको. आम्ही दिवस कलला की दाराबाहेर पोर सोडत नाही, आन तुम्ही पैसं देऊन भाईर झोपायला यायचं म्हणता?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

आणि त्याला का कळावं? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांच्या आत तिघांचा जीव गेला, त्यातली दोन मुलं होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला, पुढे वनखात्याने एका बिबट्याला गोळी घातली. हा सगळा भाग जुन्नर वनविभागातच येतो. तिथल्या शेतकऱ्याला शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षं आलटून पालटून रात्रीच्या पाळीत मिळाली, म्हणजे काळोखात बॅटरी घेऊन उसाला पाणी धरायला जाणं आलं. दिवसा वीज द्या, ही मागणी त्यामुळे तिथे जीवाची मागणी आहे. मेंढरं घेऊन उतरणारे धनगर वाघरांशेजारी उघड्यावर झोपतात. ऊसतोडीला आलेली कुटुंबं फडाजवळ पाचटाच्या कोप्यांत राहतात, आई-बाप पहाटे फडात आणि तान्ही मुलं कोपीच्या दाराशी. त्यांना उघड्यावर झोपायची हौस नाही, दुसरी सोय नाही.

याचा अर्थ बिबट्या म्हणजे राक्षस असा मी काढत नाही. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, तिथे पिंजऱ्यात आयुष्य काढणारे बिबटे आहेत, आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'पकडा आणि लांब नेऊन सोडा' या उपायाने त्रास कमी होण्याऐवजी वाढल्याचं अभ्यासात दिसलं आहे. त्याच्यावर हजार लेख होतील. माझं म्हणणं फक्त आपल्या सोळा जणांपुरतं आहे. ज्या ठिकाणी स्थानिक माणूस रात्री भीतीने दार लावतो, तिथे मौजेसाठी रात्र काढायला जाऊन, काही बरंवाईट झालं की त्याच गावावर वनखात्याची माणसं, पोलीस आणि क्यामेरे सोडायचे, हे मला बरोबर वाटत नाही.

आता संडास. हा विषय आमच्या कुठल्याच बैठकीत निघाला नाही, कारण बैठकीत बोलणारे बहुतेक पुरुष. 'निसर्गाच्या सान्निध्यात' हे शब्द जाहिरातीत आले की त्याचा अर्थ बायकांना पहाटे चार वाजता एक हात टॉर्चवर ठेवून झुडपाआड जावं लागेल असा असतो. सोळातल्या नऊ बायका. त्यातल्या एकीचा गुडघा दुखतो आणि एकीला सहा वर्षांच्या मुलीला घेऊन जायचंय. बिबट्याच्या भागात वनखातं जे सांगतं त्यात एक गोष्ट कायम असते, अंधारात वाकून किंवा खाली बसून राहू नका. उभ्या माणसाचा आकार त्याला मोठा वाटतो, बसलेल्याचा छोटा. एवढं एक वाक्य वाचलं तरी निम्म्या जागा यादीतून आपोआप गळतात.

म्हणून मी पश्चिमेचा प्रस्ताव मांडलाय. नाणेघाटाच्या माथ्यावर घाटघर गावात कुणाच्या तरी अंगणात किंवा खळ्यात परवानगी घेऊन तंबू लावायचे. मागे घर, बाजूला जीवधन, घरात संडास, आणि लहान मूल-मावशी-वहिनी यांनी सरळ आत ओटीवर झोपायचं. तिकडे बिबट्या नाही असं नाही, जंगल आहे म्हणजे असणारच. पण हाकेच्या अंतरावर माणसं असतात आणि उसाची भिंत नसते. भीमाशंकरच्या बाजूला जायचं तर अभयारण्य लागतं, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय रात्र काढायची नसते. हरिश्चंद्रगडाचं नाव दोघांनी घेतलं. शनिवारी रात्री कोकणकड्यावर लक्ष्मी रोडएवढी गर्दी बघायची असेल तर जरूर जा, मी घरी झोपेन.

नाणेघाटातल्या गुहेत मुक्काम करू, अशीही एक टूम निघाली होती. त्याला माझा ठाम विरोध. ती लेणी सातवाहनांची, भिंतींवर नागणिका राणीचा ब्राह्मी लेख, यज्ञांची आणि दानांची यादी, आणि त्यात आकडे. दोन हजार वर्षांपूर्वीचे अंक लिहिलेले असे लेख आपल्याकडे किती आहेत? तिथे चूल मांडून काजळी धरवायची म्हणजे कमाल आहे. सकाळी जाऊन बघायचं, दगडी रांजणाशेजारी उभं राहून फोटो काढायचा, खाली कोकण बघायचं आणि परत यायचं.

बाकी तयारीचं थोडक्यात. माथ्यावर डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरू शकतो आणि कड्यावर वारा झोंबतो, त्यामुळे तंबू कड्याच्या तोंडाशी नको. थंडी खालून चढते. तेव्हा दोन ब्लँकेटं कमी आणा, पण अंथरायला जाड काहीतरी हवंच. तंबू पूर्ण बंद करून झोपलात तर श्वासाची वाफ आतून ठिबकते, बाहेरून दहिवर पडतं, आणि सकाळी 'तंबू गळतो' म्हणून तक्रार होते. वरची जाळी उघडी ठेवा. गवत डिसेंबरात वाळलेलं असतं, ते गुरांसाठी कापून ठेवायचं असतं, ठिणगी पडली तर वणवा. शेकोटी यजमान सांगतील तिथेच, आणि लाकूड विकत घेऊन.

जेवण घरातूनच घ्यायचं. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. मासवडीचा आग्रह धरू नका. ती मला स्वतःला फार आवडते, पण सोळा जणांसाठी ती करायला लावणं म्हणजे यजमानीणबाईंचा अख्खा दिवस घेणं. जाता-येता नारायणगावला खाऊ. पैशाची घासाघीस करायची नाही, हे मात्र मी आताच सांगतो. २०१८ साली सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं. त्या पर्यटनाचा पैसा धरणाकाठी तंबू ठोकून बसलेल्या शहरी आयोजकाकडे जायचा की ज्यांच्या विहिरीचं पाणी आपण पिणार त्यांच्याकडे, हे आपल्यासारख्या फुटकळ ग्रुपांच्या हातात बऱ्यापैकी आहे. पाणीही विचारून वापरा. आंघोळ एक दिवस राहिली तर कुणी मरत नाही.

तारखेचं अजून भिजत घोंगडं आहे. अर्ध्या जणांना टिपूर चांदणं हवंय, अर्ध्यांना काळोख, कारण तेरा-चौदा डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो आणि चंद्र नसेल तर तो फार छान दिसतो. मी काळोखवाल्यांत. एकतीस डिसेंबर मात्र बाद, त्यावर मतदान होणार नाही. आत्याचा निरोप आहे की येताना ओतूरला थांबल्याशिवाय गेलात तर पुन्हा तोंड दाखवू नका, म्हणजे परतीच्या दिवशी दुपारचं जेवण तिथे धरून चाला. आत्तापर्यंत अकरा जणांचा होकार आलाय, पाच जण 'बघून सांगतो' वाले आहेत (तुम्ही कोण ते तुम्हाला माहीत आहे), आणि स्लीपिंग बॅगा चार कमी पडताहेत. ठाण्याच्या काकांच्या माळ्यावर दोन असाव्यात असं मावशी म्हणते. काका, वाचत असाल तर जरा वर चढून बघाल का?