मित्र माशी आणि शेताचा बांध

माशी म्हटली की उकिरडा आणि रोगराई यांचेच चित्र मनापुढे उभे राहते. हा समज अगदीच निराधार नाही. परंतु घरमाशीच्या दोषांची शिक्षा सर्व माशीकुळास देणे शेतीच्या हिताचे नाही.

करडईच्या शेंड्यांवर मावा पडला की पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एक माशी हवेत एके जागी तरंगताना दिसते. हीच सिर्फिड माशी होय. ती मधमाशीसारखी दिसते. परंतु तिला नांगी नसते आणि पंखांची जोडी एकच असते. माव्याच्या वस्तीत ती सुटी, पांढरी अंडी घालते. त्यांतून निघणारी बिनपायांची अळी कोशात जाईपर्यंत शेकडो मावा किडे शोषून मारते. या अळीलाच कीड समजून औषध फवारले जाते, तेव्हा शत्रूबरोबर मित्रही मरतो. आणि राखणदार नसल्यामुळे मावा पुन्हा झपाट्याने वाढतो.

अळीचे पोट माव्यावर भरते, पण माशीला फुलांतील मध व पराग लागतात. ते तिला बांधावरील रानफुलांतून मिळतात. बांध पेटविला, कोरला किंवा तणनाशकाने उघडा केला, की तिचे अन्न व आसरा दोन्ही नाहीसे होतात.

ठिकाण गेले की माशी जाते, हे स्कॉटलंडमध्ये दिसून आले आहे. याच कुळातील एका माशीची अळी पाइन वृक्षांच्या कुजलेल्या खुंटांत साचणाऱ्या पाण्यात वाढते. असे खुंट दुर्मिळ झाले आणि ती माशी मोजक्याच ठिकाणी उरली. मग खुंटांना मुद्दाम खाचा पाडाव्या लागल्या. २०२२ सालापर्यंत बंदिस्त जागेत वाढविलेल्या हजारो अळ्या अरण्यात सोडाव्या लागल्या. जे निसर्ग विनामूल्य देत होता, त्यासाठी पुढे तज्ज्ञ आणि पैसा खर्ची पडला.

बांधावरील तणाचे बी शेतात येते, ही शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे. परंतु त्यावर बांध जाळणे हा उपाय नव्हे. गाजरगवत उपटावे, इतर रानफुले फुलू द्यावीत आणि बी धरण्यापूर्वी कापावीत. करडईच्या कडेने कोथिंबिरीच्या चार ओळी फुलोऱ्यावर येऊ द्याव्यात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी औषधाची शिफारस करण्यापूर्वी शेतकऱ्यासह शेंडे तपासावेत व ही अळी त्यास ओळखून दाखवावी.

बांध हा केवळ हद्दीची खूण नव्हे. तो पिकाच्या राखणदाराचे घर आहे. ते मोडणे सोपे, पुन्हा वसविणे कठीण.