कागद गेला, कंटेनर मात्र थांबला

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. बंदरांचे काम सुरू राहिले. परंतु आयात माल सोडवताना द्यावे लागणारे बंधपत्र ज्या मुद्रांक कागदावर करायचे, तो कागदच मिळणे दुरापास्त झाले. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने एप्रिलच्या आरंभी यातून वाट काढली. ठरावीक आयातदारांकडून बंधपत्राऐवजी साधे हमीपत्र स्वीकारण्याची मुभा दिली गेली. 15 एप्रिलपासून ‘बिल ऑफ एन्ट्री’ची अंतिम प्रत आणि गेटपास पीडीएफ स्वरूपात ई-मेलने मिळू लागले.

याचे सारे श्रेय महामारीला देणे मात्र योग्य नव्हे. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार फेब्रुवारी 2017 मध्येच अमलात आला होता. कागदपत्रे ऑनलाइन सादर करण्याची ‘ई-संचित’ सुविधाही 2018 पासून देशभर होती. संकटाने केवळ रेंगाळलेल्या कामाला गती दिली.

8 जून 2020 रोजी बंगळुरू आणि चेन्नई येथून ‘तुरंत कस्टम्स’ अंतर्गत चेहराविरहित आकारणी सुरू झाली. एका बंदरात उतरलेल्या मालाच्या कागदपत्रांची छाननी दुसऱ्या शहरातील अधिकाऱ्याने करावी, आयातदाराशी त्याची गाठच पडू नये, हे तिचे सूत्र. ऑक्टोबरअखेर ही पद्धत देशभर लागू झाली.

तथापि, त्याच जूनच्या अखेरीस या सुधारणेची मर्यादाही उघड झाली. गलवान खोऱ्यातील संघर्षानंतर चीनमधून आलेल्या मालाची सरसकट तपासणी होऊ लागली आणि बंदरांत, विमानतळांवर माल अडकल्याची तक्रार उद्योग संघटनांनी केली. अडकलेल्या मालात औषधांचा कच्चा मालही होता, तोही ऐन साथीत. कागदपत्रे संगणकावर क्षणात पोहोचत होती. कंटेनर मात्र जागचा हलत नव्हता.

औषधनिर्मिती हा ज्यांचा प्रमुख उद्योग आहे, अशा गोव्यासारख्या राज्यांसाठी हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. कच्चा माल रखडला की उत्पादन रखडते आणि त्याची झळ शेवटी रुग्णाला बसते. कोणता माल तपासायचा आणि का, किती वेळात सोडायचा आणि विलंबाची जबाबदारी कोणाची, याचे नियम आधीच जाहीर असायला हवेत. सीमाशुल्काचा कारभार कागदमुक्त झाला. तो तितकाच उत्तरदायी झाल्याखेरीज पुढच्या संकटात त्याचा भरवसा धरता येणार नाही.