शब्दांची सफर : ‘होपलेस’ म्हणजे नक्की किती?



गेल्या रविवारी माझा भाचा घरी आला होता. नववीत आहे. एरवी आला की आधी स्वयंपाकघरात शिरून डबे उघडणार आणि मग मामीला हाक मारणार. त्या दिवशी मात्र गडी गुपचूप खिडकीपाशी जाऊन बसला. मामीने पुढ्यात ठेवलेल्या चकल्यांकडे ढुंकूनही बघेना. म्हटलं, प्रकरण गंभीर दिसतंय!

‘‘काय रे, काय झालं?’’

‘‘गणिताचे पेपर मिळाले. 80 पैकी 36.’’

‘‘बरं, मग?’’

‘‘मग काय मामा! मी होपलेस आहे.’’

हा ‘होपलेस’ शब्द आता जवळजवळ मराठीच झालाय, नाही का? पिक्चर होपलेस, वडा होपलेस, रस्ता होपलेस, आपल्या टीमची बॅटिंग होपलेस! आता वड्याला होपलेस म्हटल्याने वड्याचं काही बिघडत नाही. पण तोच शब्द आपण स्वतःला लावतो तेव्हा? ‘होप’ म्हणजे आशा आणि ‘लेस’ म्हणजे नसलेला. ज्याच्याबद्दल आता कसलीच आशा उरली नाही, तो होपलेस. गणिताच्या एका पेपरासाठी एवढा मोठा शब्द? हा तर बाबांचा कोट बाळाला घातल्यासारखा प्रकार झाला!

मी कपाटातून इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला. म्हटलं, ‘‘चल, तुझ्या मापाचा शब्द शोधू या.’’

पहिला शब्द अर्थातच ‘सॅड’. इंग्रजी निबंधात आपण सगळे हाच एक शब्द वापरतो. पाऊस पडला तरी सॅड, कुत्रा हरवला तरी सॅड. पण या शब्दाचा जन्माचा दाखला बघितला तर चाटच पडाल. जुन्या इंग्रजीत ‘सॅड’ म्हणजे पोट भरलेला, तृप्त! ‘सॅटिस्फाय’ या शब्दाशी त्याचं दूरचं नातं आहे. मग पोट भरलेला तो जड झाला, जड झाला तो गंभीर झाला आणि गंभीर झाला तो शेवटी दुःखी झाला. लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या जास्त झालेल्या काकांचा चेहरा आठवा, म्हणजे हा प्रवास लगेच पटेल.

भाच्याच्या चेहऱ्यावर थोडंसं हसू आलं. आम्ही पुढे निघालो.

‘ग्लूमी’. आभाळ भरून आलंय, पाऊस धड पडतही नाही आणि ऊनही नाही, अशा हवेला आपण ‘मळभ आलंय’ म्हणतो. इंग्रजीत ती हवा ग्लूमी. आपल्याकडे मळभ आधी आभाळात येतं, मग मनावर. इंग्रजीत मात्र उलटं झालं. ‘ग्लूम’चा जुना अर्थ होता कपाळाला आठ्या घालणं, तोंड फुगवून बसणं. अंधाराचा अर्थ त्याला नंतर मिळाला. म्हणजे इंग्रजांनी आधी माणसाचं तोंड पाहिलं आणि मग आभाळ!

‘ब्लीक’. हा शब्द म्हणजे झाड नाही, झुडूप नाही, नुसता बोचरा वारा सुटलेला माळ. मराठीत त्याला नेमका शब्द आहे ‘भकास’. ब्लीकचा मूळ अर्थ फिकट, रंग उडालेला. कपडे पांढरे करायच्या ‘ब्लीच’चं आणि याचं घराणं एकच. चार्ल्स डिकन्सने 1852-53 साली क्रमशः प्रसिद्ध केलेल्या एका कादंबरीचं नावच मुळी ‘ब्लीक हाउस’ आहे.

‘ड्रिअरी’. तेच ते, रटाळ, मरगळ आणणारं. रविवारची दुपार, बाहेर रिपरिप पाऊस, लाइट गेलेले आणि खेळायला कुणी नाही! इतका साधा शब्द. पण जुन्या इंग्रजीत याचा अर्थ होता रक्ताने माखलेला! लढाईतला हा शब्द झिजत झिजत रविवारच्या दुपारपर्यंत आला.

‘‘मामा, हे सगळे हवेचे नि जागेचे शब्द झाले,’’ भाचा म्हणाला. ‘‘मार्कांचा शब्द सांग ना!’’

त्यासाठी आहे ‘डिस्मल’. शाळेच्या प्रगतिपुस्तकात वाईट कामगिरीला ‘डिस्मल परफॉर्मन्स’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्द ‘डिएस माली’, म्हणजे वाईट दिवस. मध्ययुगात युरोपातल्या पंचांगांत प्रत्येक महिन्यात दोन दिवस अशुभ म्हणून नोंदलेले असत. वर्षाचे झाले 24. त्या दिवशी नवं काम सुरू करायचं नाही, प्रवासाला निघायचं नाही. पुढे या शब्दातच ‘दिवस’ आहे हे लोक विसरले आणि ‘डिस्मल डे’ म्हणू लागले. आपण ‘पिवळा पीतांबर’ म्हणतो ना, अगदी तसं!

पण यातली खरी गोष्ट लक्षात आली का? डिस्मल असायचा तो दिवस. माणूस नव्हे! आणि दिवस संध्याकाळी मावळतो.

आता माणसाच्या स्वभावाचा शब्द बघा : ‘मेलन्कली’. ग्रीक भाषेत ‘मेलास’ म्हणजे काळं आणि ‘खोले’ म्हणजे पित्त. आपल्या आयुर्वेदात वात, पित्त आणि कफ हे तीन दोष मानतात, तसे जुने ग्रीक वैद्य शरीरात चार द्रव मानत : रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. पिवळं पित्त वाढलं की माणूस रागीट होतो आणि काळं वाढलं की उदास होतो, अशी त्यांची समजूत. आज विज्ञान ती मानत नाही. काळं पित्त असं काही शरीरात नसतंच. पण शब्द उरला. आणि आपणही रागावलेल्या माणसाचं ‘पित्त खवळलं’ असं अजून म्हणतोच की!

आता आलो मुक्कामाच्या शब्दांवर. शब्दकोशात ‘डिस्अपॉइंटेड’ उघडला. अर्थ दिला होता : निराश. मग ‘डिस्पेअर’ उघडला. अर्थ : निराशा. ‘होपलेस’ उघडला. तिथेही निराशाजनक! मराठीत सगळे एकाच खोलीत राहायला आलेले. पण इंग्रजीत यांची घरं अगदी वेगवेगळी आहेत.

‘डिस्पेअर’ची फोड आपल्या ‘निराशा’सारखीच होते. आपलं ‘निर्’ आणि ‘आशा’. लॅटिनमध्ये ‘स्पेरारे’ म्हणजे आशा करणं आणि त्याला मागे खेचणारा ‘डे’. म्हणजे आशेचा दिवाच विझलेला. ‘डेस्परेट’ हा शब्दही इथूनच आला. आता कसलीच आशा नाही, म्हणून जिवावर उदार झालेला.

आणि ‘डिस्अपॉइंटेड’? ‘अपॉइंट’ म्हणजे नेमणूक करणं. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ होता नेमणूक काढून घेणं, पदावरून दूर करणं. जे मिळणार असं वाटत होतं ते हातचं गेलं, एवढंच. ही खुर्ची गेली. पण म्हणून जगातल्या सगळ्या खुर्च्या संपल्या, असं हा शब्द म्हणत नाही.

मराठीतही या भावनेला शब्द आहेत बरं का! आपणच ते विसरतो. सहल रद्द झाली की आपण ‘खट्टू’ होतो. कुणी पटकन रागावलं की ‘हिरमुसतो’. सगळे उपाय थकले की ‘हताश’ होतो. सहल रद्द झाली म्हणून कुणी हताश होत नाही, आणि पीक वाहून गेलेल्या शेतकऱ्याला कुणी खट्टू म्हणत नाही. प्रत्येक दुःखाचं माप निराळं. शब्दही त्या मापाचाच हवा.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘म्हणजे मामा, मी डिस्अपॉइंटेड आहे.’’

‘‘आता कसं बोललास! बरं, पेपर दाखव.’’

त्याने दप्तरातून पेपर काढले. बीजगणितात 40 पैकी 27, भूमितीत 40 पैकी 9!

‘‘अरे, बीजगणित तर चांगलं आहे की!’’

‘‘हो. भूमिती मात्र डिस्मल!’’ असं म्हणून त्याने पहिली चकली उचलली. दुसरी चकली संपेपर्यंत आम्ही त्रिकोणाच्या एकरूपतेपाशी पोचलो होतो. तिथेच घोडं पेंड खात होतं.

बघा हं, शब्द बदलल्याने मार्क बदलले नाहीत. 36 चे 37 झाले नाहीत. पण ‘होपलेस’ म्हणून बसला होता तेव्हा त्याने पेपर उघडलाच नव्हता. उघडून उपयोग काय, सगळंच संपलंय ना! शब्द मापाचा झाला, तेव्हा चूक कुठे आहे ते दिसलं.

आणखी एक, अगदी मनापासून सांगतो. कधी कधी मनावरचं मळभ एका पेपराचं नसतं. ते आठ-पंधरा दिवस हटतच नाही. कशातच रस वाटत नाही आणि ‘होपलेस’ हा शब्द खरोखरच आपल्या मापाचा वाटायला लागतो. असं झालं तर शब्दकोश बाजूला ठेवायचा आणि आई-बाबांना, ताई-दादाला किंवा आवडत्या सरांना-बाईंना सरळ सांगायचं. तेव्हा नेमका शब्द सापडला नाही तरी चालेल. ‘मला बरं वाटत नाहीये’ एवढंही पुरतं.

आता तुमच्यासाठी थोडा गृहपाठ. खालच्या जागी ग्लूमी, ब्लीक, ड्रिअरी आणि डिस्अपॉइंटेड यांपैकी कुठला शब्द बसेल ते ओळखा :

1. फायनल बघायला निघालो आणि तिकिटं संपली.
2. उन्हाळ्यात सुकून गेलेलं, एकही झाड नसलेलं पठार.
3. दोन तास चाललेलं, संपता संपेना असं भाषण.
4. सकाळपासून अंधारून आलेला श्रावणातला दिवस.

उत्तरं पुढच्या आठवड्यात. आणि हो, त्या चारही ठिकाणी ‘होपलेस’ लिहिणाऱ्याला शून्य मार्क!