पूर्णेवरचे पूल : तपासणीनंतर पुढे काय?

बुलढाणा – पुणे जिल्ह्यातील कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी कोसळला आणि चौघांना प्राण गमवावे लागले. या दुर्घटनेने जुन्या पुलांचा प्रश्न राज्यभर ऐरणीवर आला. बुलढाणा जिल्ह्यासाठी तो अधिकच निकडीचा आहे, कारण पूर्णा नदीने जिल्ह्याच्या उत्तर भागाचे सरळ दोन भाग केले आहेत. दक्षिण तीरावर रेल्वे, नांदुरा, शेगाव आणि खामगावची बाजारपेठ. उत्तर तीरावर सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके. तेथील शेतकऱ्याचा कापूस असो वा अत्यवस्थ रुग्ण, पूल ओलांडल्याशिवाय खामगाव गाठता येत नाही.

नांदुरा-जळगाव जामोद मार्गावरील येरळीचा जुना पूल या परिसराच्या आठवणींचा भाग आहे. प्रस्तुत वार्ताहराच्या शाळकरी वयात पुराचे पाणी पुलाला टेकले की बस अलीकडेच थांबे. चालक-वाहक खाली उतरून पाण्याचा अंदाज घेत, प्रवासी शिदोऱ्या सोडत आणि निर्णयाची वाट पाहत. पाणी ओसरले की बस निघे. पुलाखाली काय झाले असेल, हा विचार कोणाच्या मनातही येत नसे.

वास्तविक धोका तेथेच असतो. पूर वेगात असताना खांबांभोवतीची माती वाहून जाते आणि पाया उघडा पडतो. पूर ओसरताना त्याच खड्ड्यात गाळ भरतो व सारे पूर्ववत दिसू लागते. घाटावर बुलढाणा-चिखलीकडे काळा पाषाण उथळ लागतो. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र गाळाचे खोल थर आहेत. त्यामुळे वरून पाहून दिलेला निर्वाळा येथे पुरेसा ठरू शकत नाही.

याबाबत तीन उदाहरणे बोलकी आहेत. महाडजवळचा सावित्री नदीवरील १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला. दोन एस.टी. बसगाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची तपासणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता. कुंडमळ्याचा पूल धोकादायक ठरला होता, तरी त्यावरील वर्दळ थांबली नाही. तिसरे उदाहरण शेजारच्या अकोला जिल्ह्यातील, याच पूर्णेवरचे. अकोला-अकोट मार्गावरील गांधीग्रामचा ब्रिटिशकालीन पूल तडे आढळताच ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद करण्यात आला. संभाव्य अनर्थ टळला; मात्र दररोज ये-जा करणाऱ्यांच्या नशिबी लांबचा फेरा आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अकोट-अकोला रेल्वे सुरू झाली, तेव्हा कोठे काहीसा दिलासा मिळाला.

तात्पर्य, तपासणी वरवरची नको, अहवालानंतर दिरंगाई नको आणि पर्यायाविना बंदीही नको. महाडला नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला व ५ जून २०१७ रोजी खुला झाला. म्हणजे यंत्रणेजवळ क्षमता नाही, असे म्हणता येत नाही. ती दुर्घटनेनंतरच का जागी होते, हा खरा प्रश्न आहे.

२२ जुलै २०२३ रोजी जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने हाहाकार उडाला. रस्ते तुटले, गावांचा संपर्क खंडित झाला. तीरापलीकडे अडकणे म्हणजे काय, हे या भागाने तेव्हा पुन्हा अनुभवले. म्हणूनच पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीला पूर ओसरल्यानंतरच्या पाण्याखालील तपासणीची जोड हवी. प्रत्येक पुलाचे बांधकाम वर्ष, शेवटच्या तपासणीची तारीख व धोक्याची पातळी पुलावरच ठळकपणे लिहावी. पूल बंद करण्याची वेळ आल्यास रुग्णवाहिका कोणत्या मार्गाने जाईल, हेही आधीच ठरलेले असावे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. अहवाल फायलीत बंद ठेवण्याची सवय सोडली, तरी पुरे.