आरोपीला गुन्हेगार म्हणणारी इंग्रजी

क्रिमिनल म्हणजे गुन्हेगार, कल्प्रिट म्हणजे गुन्हेगार, कन्व्हिक्ट म्हणजे गुन्हेगार आणि अक्यूज्ड म्हणजेसुद्धा गुन्हेगार. आमच्या तालुक्याच्या गावात विकल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दसंग्रहाच्या पुस्तकांत आणि क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये हे असंच छापलेलं असतं, आणि मुलं ते घोकतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. माझ्या विषयाच्या नावावर चाललेला हा धंदा बंद झाला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी. पुरावा तपासून न्यायालयाने ठरवलं, तरच तो दोषी. फौजदारी न्यायाचा सगळा डोलारा या एका फरकावर उभा आहे आणि नोट्स काढणाऱ्या गृहस्थांनी तो एका ओळीत पुसून टाकला. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे जवळजवळ तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा खटला चालायचा आहे किंवा चालू आहे, निकाल लागलेला नाही. कुणाला जामीनदार मिळत नाही, कुणाला जामिनाची रक्कम भरता येत नाही. त्या माणसांना सतरा वर्षांच्या मुलाच्या वहीत शिक्षा आधीच ठोठावून झालेली असते. हीच मुलं पुढे बातमीदार होतात, पोलिसात जातात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भाडेकरूबद्दल बोलतात. शब्द चुकीचा शिकवला की माणसाकडे बघायची नजरही चुकीची तयार होते, आणि ती दुरुस्त करायला पुन्हा कुणी येत नाही.

हे फाजील संवेदनशीलपण आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना डांबणाऱ्या सोलापूरच्या सेटलमेंटकडे बघावं. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींवर ‘क्रिमिनल’ असा शिक्का मारला. गुन्हा कुणी केला, कधी केला, शाबित झाला का, यातलं काहीही विचारलं नाही; त्या घरात जन्मलात एवढं पुरेसं होतं. पारधी, कैकाडी, बेरड, मांग गारुडी अशा कितीतरी लोकांनी हजेरी देण्यात पिढ्या घालवल्या. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर, ३१ ऑगस्ट १९५२ला हा कायदा रद्द झाला. लक्ष्मण गायकवाडांना ‘उचल्या’ या आत्मकथनासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार १९८८ साली मिळाला, म्हणजे कायदा जाऊन साडेतीन दशकं उलटल्यावरही ते जगणं लिहावं लागत होतं. आणि २०२४च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांमधले जातीवर बेतलेले नियम घटनाबाह्य ठरवावे लागले. त्यात या, आता विमुक्त म्हटल्या जाणाऱ्या, जमातींविषयीचे उल्लेखही होते. क्रिमिनल हा शब्द महाराष्ट्रात कसा वापरला गेला, हे न सांगता तो शिकवणारा मास्तर मला मान्य नाही.

दुसरा राग निरुपयोगीपणाचा. स्पर्धा परीक्षांच्या ‘एका शब्दात सांगा’ या प्रश्नासाठी मुलं राजाची हत्या, भावाची हत्या, बायकोची हत्या यांचे लॅटिन मुळांतून आलेले इंग्रजी शब्द पाठ करतात. रेजिसाइड सगळ्यांना येतो. कॉग्निझेबल विचारा, वर्ग गप्प. राजाला कुणी मारणार नाही, पण दखलपात्र आणि अदखलपात्र हा फरक उद्या सकाळी ठाण्यात उभं राहिल्यावर लागणार आहे. ‘एनसी’ (नॉन-कॉग्निझेबल, म्हणजे अदखलपात्र) घेतली म्हणून कागद हातात ठेवून घरी पाठवलेला माणूस समजतो की तपास सुरू झाला. अदखलपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करू शकत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. फौजदार व्हायला निघालेली मुलं कायदा एका पेपरासाठी वाचतात आणि इंग्रजी दुसऱ्या पेपरासाठी. या दोन पेपरांची ओळख कुणीच करून देत नाही.

पुस्तकांतले निम्मे शब्द तर परक्या देशाच्या न्यायालयातले. ज्यूरी, फेलनी, मिसडिमिनर. मुंबईत नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात १९५९ साली ज्यूरीने त्यांना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, उच्च न्यायालयाने तो कौल फिरवला, आणि १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. (पारशी विवाहांच्या दाव्यांत अजून तसे प्रतिनिधी बसतात, तेवढा अपवाद.) तरीही आमच्या मुलांच्या वहीत ज्यूरी पहिल्या पानावर असते. गप्प राहण्याचा हक्क पोलिस वाचून दाखवतात, हे त्यांना अमेरिकी सिनेमांमुळे तोंडपाठ आहे. अटक झालेल्याला चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलंच पाहिजे, हे आपल्याच राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमात आहे. ते ठाऊक नसतं. तपासात पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर सही करायची नसते, हेही ठाऊक नसतं. कायद्याने ती सही घ्यायलाच मनाई आहे. जुन्या संहितेत होती, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे.

आता जिथे इंग्रजी खरोखर अडवते तिथे येऊ. आपल्याकडे फिर्याद मराठीत लिहिली जाते, पंचनामा मराठीत होतो. १९९८च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. मुंबईत ती किती पाळली जाते, हे तिथल्या वकिलांना विचारावं. पण प्रकरण उच्च न्यायालयात गेलं की घटनेचं कलम ३४८ आडवं येतं आणि सगळं इंग्रजीत होतं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा, आणि ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूर. न्यायालय दारात आलं, भाषा आली नाही. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहारच्या उच्च न्यायालयांत हिंदीला मुभा आहे, मराठीला नाही. ती मिळाली पाहिजे, यासाठी जे भांडतात त्यांच्या बाजूने मी उभा आहे. पण ती मिळेपर्यंत ज्याचा भाऊ आत आहे त्याने काय करायचं?

माझ्याकडे लोक कागद घेऊन येतात, कारण गावात इंग्रजीचा मास्तर म्हणून मी ओळखीचा आहे. एक बाई भावाच्या अटकपूर्व जामिनाचा आदेश घेऊन आल्या. मोबाइलवर पीडीएफ, खाली ‘डिस्पोज्ड ऑफ’. निकाल लागला, भाऊ सुटला, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. प्रत्यक्षात वकिलाने अर्ज मागे घेतला होता आणि न्यायालयाने तो त्या अर्थाने निकाली काढला होता. अंतरिम संरक्षण त्याच दिवशी संपलं होतं. पेढे आणायला निघालेल्या त्या बाईला हे सांगताना माझी जीभ जड झाली होती. ‘डिस्पोज्ड ऑफ’चा अर्थ ‘विल्हेवाट लावली’ असा शिकवणाऱ्या पुस्तकाने त्यांना काय मदत केली असती?

या आदेशांची भाषा अवघड नाही, ती ठरीव आहे. ‘स्टँड ओव्हर टू’ म्हणजे पुढची तारीख. नुसतं ‘रूल’ लिहिलं असेल तर न्यायालयाने अर्ज सविस्तर ऐकायला दाखल करून घेतला. ‘रूल मेड अ‍ॅब्सोल्यूट’ म्हणजे मागितलं ते दिलं. ‘रूल डिस्चार्ज्ड’ म्हणजे नाही दिलं. ‘नो कोअर्सिव्ह स्टेप्स’ असेल तर अमुक तारखेपर्यंत अटकेसारखी कारवाई करायची नाही, आणि त्या तारखेनंतर ते कवच आपोआप टिकेल असं धरून चालायचं नाही. ‘पीआर बाँड’ म्हणजे स्वतःचा जातमुचलका, आणि त्यापुढे ‘विथ वन ऑर टू शुअरिटीज’ असलं तर जामीनदारही उभा करावा लागतो; घरचे पैसे घेऊन जातात आणि जामीनदाराविना माणूस रात्रभर आतच राहतो. असे चाळीसेक शब्दप्रयोग आले की साधा जामिनाचा आदेश बारावी झालेला कुणीही वाचू शकेल. पण ते कुठल्याच यादीत नाहीत, कारण याद्या करणाऱ्यांनी असा आदेश कधी वाचलेलाच नाही.

आणि कागद ज्याचा त्याला समजलाच पाहिजे, हे काही मी एकटाच म्हणत नाही. १९६१ साली नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी हरिकिसन नावाच्या माणसाला प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत टाकलं आणि कारणांचा इंग्रजी कागद दिला. त्याने हिंदी प्रत मागितली. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी आहे म्हणून ती नाकारली. पोलिस अधिकाऱ्याने तोंडी समजावलं, तेवढं पुरे, असा सरकारचा पवित्रा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्ये तो धुडकावला आणि त्याला सोडलं. ज्याला स्वतःची बाजू मांडायची आहे त्याला कारणं त्याच्या भाषेत कळलीच पाहिजेत, हे त्या निकालाचं सार. नोव्हेंबर २०२५मध्ये, वरळीच्या एका अपघाताच्या प्रकरणातून, त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं की कोणत्याही गुन्ह्यातल्या अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेतच द्यावीत. मधे त्रेसष्ट वर्षं गेली. नागपूरच्या माणसाने जिंकलेली लढाई महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या माणसाला पुन्हा लढावी लागली, कारण ती आम्ही कुठल्याही वर्गात शिकवली नाही.

सहकारी म्हणतात, हे अभ्यासक्रमात नाही, याला मार्क नाहीत. मार्क नाहीत हे खरं आहे आणि म्हणूनच माझी मागणी पेपर काढणाऱ्यांकडे आहे. राजहत्येचा शब्द काढून टाका. त्या जागी उच्च न्यायालयाच्या जामीन आदेशाचा एक उतारा द्या, नावं झाकून. अर्ज मंजूर झाला का फेटाळला? मुचलका कितीचा, जामीनदार किती? कोणत्या ठाण्यात, आठवड्यातून किती वेळा हजेरी? पुढची तारीख कोणती? अट मोडली तर जामीन रद्द करायला कुणी, कुठे अर्ज करू शकतो? पाच प्रश्न, दहा मार्क.