धमनी वेगळी, म्हणून लगेच शस्त्रक्रिया?




करोनरी धमन्यांच्या जन्मजात दोषांवरील गेल्या अंकातील लेख वाचला. अमेरिकी बास्केटबॉलपटू पीट मॅराविच १९८८ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी खेळताना कोसळले; शवविच्छेदनात डावी करोनरी धमनीच नसल्याचे आढळले. लेखातले हे उदाहरण खरे आहे. पण त्यावरून 'दोष दिसला की ऑपरेशन' हा निष्कर्ष निघत नाही.

धमनी उगवते कुठून आणि जाते कुठून, यावर सगळे ठरते. डावी धमनी उजवीकडून निघून महाधमनी व फुप्फुसधमनी यांच्या मधून जात असेल, तर त्रास नसला तरी शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. उजवी धमनी डावीकडून निघाली असेल आणि रुग्ण पन्नाशीचा, जिने सहज चढणारा असेल, तर एवढी घाई कशाला? श्रमाने छातीत दुखते का, शुद्ध हरपली होती का, स्ट्रेस टेस्टमध्ये रक्तपुरवठा कमी पडतो का, ते आधी पाहावे. सर्कमफ्लेक्स शाखा महाधमनीच्या मागून वळसा घेत असेल, तर बहुधा काहीच करावे लागत नाही. रिपोर्टमधल्या त्या एका ओळीने घरदार मात्र हवालदिल होते!

लेखात सीटी अँजिओग्राफीचा उल्लेखही नाही, याचे नवल वाटले. धमनीचे तोंड गोल आहे की चिरेसारखे, तिचा सुरुवातीचा भाग महाधमनीच्या भिंतीतूनच सरकतो का, हे त्यातच नीट दिसते; नेहमीच्या अँजिओग्राफीत त्याचा अंदाजच बांधावा लागतो.

— एक निवृत्त डॉक्टर, सांगली