चवथीआधीचं चेकबुक

चवथ तोंडावर, कामगारांचे पगार द्यायचे, आणि तातडीचे जादा पैसे भरून मागवलेलं चेकबुक ठरल्या दिवशी आलंच नाही. आमचं भागीदारीतलं चालू खातं दोन सह्यांचं. मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय नाही. भाऊ म्हणाला, "चल, बँकेत जाऊन भांडूया." भांडून चेकबुक छापलं जातं होय? ते छापतात कुठेतरी लांब, येतं कुरिअरनं! माझं मत विचाराल तर, वायदा हुकला की आधी ज्याचे पैसे अडलेत त्याला सांगावं. कागदवाल्याला फोन करून आठवडा मागून घेतला. पगारांसाठी दोघांच्या सह्यांचा अर्ज देऊन शाखेतूनच एनईएफटी करवली. जादा पैसे परत मागणारा अर्जही तिथंच दिला. ते का सोडायचे? कामगार माटोळीच्या बाजाराला वेळेवर गेले. चेकबुक आलं विसर्जनानंतर.